साइझऑफचे कूळ

केन थॉम्पसन 1969 साली ज्या पीडीपी-7 वर युनिक्स उभे करत होते, त्याची मेमरी 18 बिटांच्या वर्डमध्ये विभागलेली होती. असे एकूण 8,192 वर्ड. त्यांनी रचलेली बी भाषा बीसीपीएलच्या वळणावर गेलेली होती. तिच्यात संख्या असो, अक्षर असो की मेमरीतला पत्ता, प्रत्येकाच्या वाट्याला एकेक वर्ड. मूल्य किती जागा घेते, हे विचारण्याचे कारणच नव्हते.

कारण आले ते दुसऱ्या घराण्यातून. आयबीएमच्या स्ट्रेच संगणकाची आखणी चालू असताना 1956 मध्ये वर्नर बुखहोल्ट्झ यांनी ‘बाइट’ हा शब्द घडवला. त्यांचा बाइट एक ते आठ बिटांत कितीही असू शकत होता. 1964 च्या सिस्टिम/360 ने तो आठ बिटांवर कायम केला आणि प्रत्येक बाइटला स्वतःचा पत्ता दिला. 1970 मध्ये बेल लॅब्समध्ये पीडीपी-11 आला, तोही बाइटला पत्ता देणारा. त्याच्यात वर्ड दोन बाइटांचा, अक्षर मात्र एका बाइटचे. बी भाषेचे पॉइंटर वर्ड मोजत आणि यंत्र बाइट मोजे, त्यामुळे पॉइंटर वापरताना दर वेळी चालू प्रोग्रॅममध्येच रूपांतर करावे लागे. मेमरी अवघी 24 हजार बाइटांची असताना ही उधळपट्टी परवडणारी नव्हती.

डेनिस रिची यांनी 1971 मध्ये बी भाषेत अक्षराचा वेगळा प्रकार आणला आणि सी भाषेची घडण सुरू झाली. या घडणीतला मला सर्वांत देखणा वाटणारा टप्पा एका छोट्या नोंदीभोवतीचा आहे. युनिक्सच्या डिरेक्टरीत प्रत्येक फाइलची नोंद 16 बाइटांची असे: क्रमांकाचे 2 आणि नावाचे 14. रिचींना ही नोंद भाषेत जशीच्या तशी, डिस्कवर दिसते तशी मांडायची होती. पण बी भाषेच्या रीतीप्रमाणे अ‍ॅरेच्या नावामागे एक लपलेला पॉइंटर साठवलेला असे. तो या नोंदीत ठेवायचा कुठे? त्यांनी तो पॉइंटर साठवणेच बंद केले. अ‍ॅरेचे नाव वापरले की त्या जागी पहिल्या घटकाचा पत्ता तयार होईल, असा नियम केला. मात्र ‘साइझऑफ’ हा ऑपरेटर त्या नियमातून बाहेर राहिला. त्याला अ‍ॅरे दिला, तर तो अख्ख्या अ‍ॅरेचे बाइट सांगतो.

तो दिसतो फंक्शनसारखा, पण उत्तर कंपायलर देतो, तेही घोषणा वाचून. प्रोग्रॅम चालू होण्याआधीच तिथे आकडा बसलेला असतो. (1999 च्या प्रमाणित आवृत्तीत चालत्या प्रोग्रॅममध्ये लांबी ठरणारे अ‍ॅरे आले, तेवढाच अपवाद.) मेमरी मागणाऱ्या आणि डिस्कवर लिहिणाऱ्या फंक्शनांना बाइटांचा आकडा लागे, तो पुरवणे हे त्याचे मुख्य काम.

हा आकडा नेहमी साध्या बेरजेचा नसतो. एक अक्षर, एक चार बाइटांचा पूर्णांक आणि पुन्हा एक अक्षर अशी रचना केली, तर बेरीज 6 होते. साइझऑफ बहुतेक यंत्रांवर 12 सांगतो. पूर्णांक चारच्या पटीतल्या पत्त्यावर बसावा म्हणून कंपायलर मध्ये आणि शेवटी रिकामे बाइट सोडतो. पूर्णांक आधी लिहिला की तीच रचना 8 बाइटांत मावते. हे फुकट सोडलेले बाइट प्रत्येक विद्यार्थ्याने एकदा तरी स्वतः मोजून पाहावेत, असे मला मनापासून वाटते.

आपल्या लिपीतही हा ऑपरेटर पुष्कळ शिकवतो. यूटीएफ-8 ची आखणी 1992 मध्ये थॉम्पसन यांनीच रॉब पाइक यांच्यासोबत केली. तिच्यात देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. ‘मराठी’ वाचताना तीन अक्षरे, पण काना आणि वेलांटी धरून चिन्हे पाच, म्हणजे 15 बाइट. अ‍ॅरेत ठेवले तर शेवटच्या शून्यासह साइझऑफ 16 सांगतो. तोच मजकूर पॉइंटरमधून पाहिला, तर आजच्या 64 बिटी यंत्रावर उत्तर येते 8. ते पॉइंटरचे माप असते, त्याच्या टोकाशी काय आहे याचे नव्हे.

ही मर्यादा पुढच्या पिढीतही उतरली. पायथनमध्ये 2008 सालच्या 2.6 आवृत्तीत गेटसाइझऑफ हे फंक्शन आले. इथे प्रत्येक मूल्य ऑब्जेक्ट असते, त्यामुळे 1 ही संख्याही नेहमीच्या 64 बिटी पायथन 3 मध्ये 28 बाइट व्यापते: तिच्याकडे किती ठिकाणांहून निर्देश आहेत, तिचा प्रकार कोणता, हे सगळे ती सोबत बाळगते. एका घटकाच्या यादीचे माप मात्र तो घटक एक अक्षर असला काय किंवा दहा लाख संख्यांची दुसरी यादी असली काय, सारखेच येते. आतले सगळे मोजत जावे म्हटले, तर एकच ऑब्जेक्ट दोन याद्यांत असतो, आणि सामाईक विहीर कोणाच्या सातबाऱ्यावर दाखवायची, तसा पेच पडतो. 2014 च्या 3.4 आवृत्तीत आलेल्या ट्रेसमॅलॉकने म्हणून प्रश्नच बदलला: ऑब्जेक्ट किती मोठा, हे तो विचारत नाही, कोणत्या फाइलमधल्या कोणत्या ओळीने किती मेमरी मागून घेतली, हे नोंदवतो.