बारामतीचा किरण, बोईसरचे ऊन
पालघरजवळच्या सातपाटीच्या किनाऱ्यावर पावसाळा सरला की बोंबील सुकू लागतात. बोंबलाला कडक ऊन हवे. लेझरने सोललेल्या त्वचेचे तेच ऊन वैरी.

या लेझरचे नाते महाराष्ट्राशी आहे, हे फारसे कुणाला ठाऊक नसते. १९३८ साली बारामतीत जन्मलेले चंद्र कुमार पटेल पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकून अमेरिकेला गेले आणि १९६४ मध्ये बेल लॅब्जमध्ये त्यांनी कार्बन डायऑक्साइड लेझर घडवला. त्याचा १०.६ मायक्रोमीटर तरंगलांबीचा किरण पाण्यात चटकन शोषला जातो, आणि त्वचेत पाणी मुबलक. म्हणूनच १९९०च्या दशकात तो सुरकुत्या आणि मुरुमांचे व्रण घालवण्यासाठी सर्रास वापरला जाऊ लागला. पण पूर्ण थर जाळल्यावर चेहरा कित्येक आठवडे लाल राही. २००४ मध्ये फ्रॅक्शनल पद्धत आली: बारीक ठिपके भाजायचे, मधली त्वचा शाबूत ठेवायची.

ही तंत्रे आधी गोऱ्या कातडीवर बेतली गेली. गव्हाळ, सावळ्या त्वचेवर भाजल्यानंतर काळे डाग उमटण्याचा धोका जास्त, आणि ऊन तो वाढवते.

म्हणून ‘लेझर हिवाळ्यात करा’ हा युरोपी सल्ला इथे तसाच उचलता येत नाही. डिसेंबरात भरदुपारी लंडनचा सूर्य क्षितिजापासून जेमतेम १५ अंश वर येतो, पालघरचा सुमारे ४७ अंश. मे महिन्याच्या उत्तरार्धात तर तो थेट डोक्यावर. पावसाळी ढगांचाही फार भरवसा नको, अतिनील किरण त्यांतून झिरपतात. लंडनला नाताळच्या तोंडावर लेझर करून लगेच पालघरशेजारच्या बोईसरला माहेरपणाला येणारीने हे अंश आधी मोजलेले बरे.