गांजा, वांती आणि 1893 चा भांग आयोग : एका न विचारलेल्या प्रश्नाचा इतिहास

प्रस्तावना

हिंदुस्थानातील गांजाच्या वापराविषयी ब्रिटिश हाऊस ऑफ कॉमन्समध्ये 2 मार्च 1893 रोजी प्रश्न विचारला गेला. तो विचारणारे विल्यम केन हे मद्यपाननिषेध चळवळीतील अग्रणी होते. या प्रश्नाची परिणती म्हणून त्याच वर्षी ‘इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशन’ नेमण्यात आले. डब्ल्यू. मॅकवर्थ यंग हे त्याचे अध्यक्ष होते आणि सात सदस्यांपैकी तीन हिंदी होते. आयोगाने 70 प्रश्नांची छापील प्रश्नावली प्रसृत केली, 1,193 साक्षीदारांचे म्हणणे नोंदविले आणि 1894 मध्ये अनेक खंडांचा अहवाल सादर केला. भांग, गांजा आणि चरस या तिन्ही पदार्थांची एवढी विस्तृत चौकशी त्यापूर्वी जगात कोठेही झालेली नव्हती.

बेताच्या सेवनापासून शरीर, बुद्धी व नीती यांना फारसा अपाय होत नाही, अतिसेवन मात्र घातक ठरते आणि संपूर्ण बंदीची आवश्यकता नाही, असा या अहवालाचा थोडक्यात निर्वाळा होता. गांजा कायदेशीर करावा असे म्हणणारे आजही हा निर्वाळा पुढे करतात. बंदीचे समर्थक त्याला वसाहती सरकारच्या महसुलाची बाजू म्हणून बाजूला सारतात. दोन्ही पक्ष अहवालात काय आहे यावर वाद घालतात. त्यात काय नाही, याकडे मात्र क्वचितच लक्ष गेले आहे. दीर्घकाळ व नियमित गांजा ओढणाऱ्यास वारंवार होणारी तीव्र वांती ही अशीच एक न नोंदली गेलेली गोष्ट होय.

आजाराची उशिरा झालेली ओळख

हा विकार वैद्यकाच्या नजरेस आला तो 2004 मध्ये, दक्षिण ऑस्ट्रेलियातील अॅडिलेडच्या परिसरात. जे. एच. अॅलन व त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘गट’ या नियतकालिकात प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधात दीर्घकाळ गांजा सेवन करणाऱ्या व ठराविक काळाने वांतीचे झटके येणाऱ्या 19 रुग्णांचा उल्लेख आहे. त्यांपैकी पाच जणांनी संमती नाकारली व पाच जण अन्य कारणांच्या शक्यतेमुळे वगळले गेले. उरलेल्या नऊ रुग्णांची तुलना पूर्वी प्रसिद्ध झालेल्या एका रुग्णवृत्ताशी करण्यात आली. सेवन थांबविल्यावर सात जणांची वांती थांबली. ज्या तिघांनी काही काळाने पुन्हा सेवन केले, त्या तिघांनाही वांतीने पुन्हा गाठले. दहांपैकी नऊ रुग्णांत आणखी एक चमत्कारिक वर्तन आढळले. झटका आला असता हे रुग्ण पुनःपुन्हा ऊन पाण्याने स्नान करीत, कारण तेवढ्यानेच त्यांना काही काळ आराम पडे.

ज्या जुन्या वृत्ताशी तुलना केली गेली, ते 1996 मधील होते आणि तेथे त्याच लक्षणांना ‘मानसिक वांती’ असे नाव दिलेले होते. रुग्ण गांजा ओढतो हे त्या डॉक्टरांना ठाऊक होते. तरीही वांतीचे मूळ त्यांनी मनात शोधले. लक्षण समोर असूनही त्याचा संबंध न जुळणे हे केवळ एकोणिसाव्या शतकाचे वैगुण्य नव्हे, एवढे यावरून ध्यानात यावे.

पुढील संशोधनाने विकाराचे स्वरूप अधिक स्पष्ट केले. आरंभी कित्येक महिने, क्वचित वर्षानुवर्षे, सकाळची मळमळ व पोटातील अस्वस्थता असते. नंतर दिवसभर थांबत नाही अशी वांती, पोटदुखी व शरीरातील पाण्याचा तीव्र क्षय होतो. काहींत मूत्रपिंडांचे कार्यही ढासळते. नेहमीची वांतीरोधक औषधे पुष्कळदा निष्फळ ठरतात. हॅलोपेरिडॉल किंवा पोटावर लावावयाचे मिरचीच्या दाहक द्रव्याचे, म्हणजे कॅप्सेसिनचे, मलम यांनी काहींना उतार पडतो. सेवन पूर्ण थांबविण्यावाचून खात्रीचा उपाय नाही. अमेरिकेतील मेयो क्लिनिकने 2012 मध्ये 98 रुग्णांचे विवेचन प्रसिद्ध केले आणि 2016 च्या ‘रोम 4’ या पचनविकारांच्या निकषांत या विकारास स्वतंत्र स्थान मिळाले. मराठीत त्याला रूढ नाव नाही. येथे ‘गांजाजन्य अतिवांती’ असे म्हटले आहे.

वांती थांबविणारे औषध

हा विकार इतका उशिरा लक्षात येण्याचे पहिले कारण खुद्द त्या वनस्पतीच्या कीर्तीत आहे. भांग वांती करविते असे परंपरेने कधी मानले नाही. परंपरेचे म्हणणे नेमके उलट होते. सोळाव्या शतकातील ‘भावप्रकाश’ भांगेला ग्राहिणी, पाचनी व अग्निवर्धिनी म्हणतो. ग्रहणीच्या विकारावर दिल्या जाणाऱ्या जातीफलादी चूर्णात भांग असते. भावप्रकाशकाराने तिला ‘पित्तला’ असेही विशेषण दिले आहे हे खरे. पण त्या एका शब्दात आजच्या विकाराचे पूर्वज्ञान शोधणे हा ग्रंथावर अन्याय ठरेल.

निजामशाहीशी संबंध असलेला पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता याचा 1563 मध्ये गोव्यात छापलेला ग्रंथही हेच दाखवितो. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाच्या दरबारी त्याची ये-जा होती. त्याने भांगेवर एक संवादच लिहिला आहे. स्वतः भांग घेतलेली नाही, असे सांगून तो आपल्या नोकरांचा अनुभव नोंदवितो : कामाचा शीण वाटत नाही, मन आनंदी होते आणि खाण्याची इच्छा बळावते. तीन शतकांनी, 1839 मध्ये, कलकत्त्याच्या वैद्यकीय महाविद्यालयातील डब्ल्यू. बी. ओशॉनेसी यांनी गांजाचा अर्क पटकीच्या रुग्णांना दिला व त्याने वांती आटोक्यात येते असे अनुमान काढले. त्यांच्या लेखनामुळे गांजा युरोपीय औषधालयांत पोहोचला. विसाव्या शतकात याच गुणाचे पुनरुज्जीवन झाले. गांजातील मुख्य मादक घटक टीएचसी याची रचना 1964 मध्ये इस्रायलमधील गाओनी व मेशूलम यांनी निश्चित केली आणि 1985 मध्ये कर्करोगाच्या औषधोपचारातील वांतीवर ड्रोनॅबिनॉल या नावाने ते अमेरिकेत मान्यताप्राप्त औषध ठरले.

अल्प मात्रेत वांती रोखणारे द्रव्य वर्षानुवर्षांच्या जड मात्रेत वांती कसे करविते, याचा पूर्ण उलगडा अद्याप झालेला नाही. मेंदूत व आतड्यांत असलेली ग्राहके सततच्या माऱ्याने बधिर होत असावीत, असे सर्वसाधारण मत आहे. इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाचे एवढेच की, ज्याच्या हाती औषध आहे त्याला त्या औषधातच रोग दिसणे कठीण असते. पित्ताने मळमळणारा गांजेकस चिलीम ओढून बरे वाटते असे सांगत असेल, तर त्याचे सांगणे खोटे नव्हते. आजचे रुग्णही आरंभीच्या अवस्थेत मळमळ शमविण्यासाठीच सेवन वाढवितात.

आयोगाने काय विचारले

प्रश्नावलीतील 45 वा प्रश्न बेताच्या नित्य सेवनाच्या परिणामांविषयी होता. प्रकृती खालावते काय, पचन बिघडते काय, भूक मंदावते काय, आमांश, श्वासनलिकेचा दाह किंवा दमा होतो काय, अशी विचारणा त्यात आहे. पुढे नीतिमत्ता, आळस, व्यभिचार आणि वेड यांविषयीचे उपप्रश्न येतात. अतिसेवनाबाबतही हेच प्रश्न पुन्हा विचारले आहेत. वांतीचे नाव यादीत नाही. छापील यादीवर बेतलेल्या साक्षीतून यादीबाहेरची गोष्ट क्वचितच बाहेर येते, हे कोणत्याही सर्वेक्षणाचा अनुभव असणाऱ्यास सांगावयास नको.

आयोगाची खरी शक्ती वेडाच्या प्रश्नावर खर्च झाली. वेड्यांच्या इस्पितळांत 1892 साली दाखल झालेल्यांपैकी 222 जणांच्या वेडाचे कारण गांजा असे नोंदलेले होते. आयोगाने एकेक प्रकरण तपासले आणि केवळ 98 प्रकरणांत तो संबंध ग्राह्य धरला. कारणाचा रकाना पोलिसांच्या कागदावरून यंत्रवत भरला जात होता, हे त्यातून उघड झाले. कलकत्त्यात माकडांना गांजाचा धूर देऊन प्रयोगही करण्यात आले आणि त्यांत मेंदूवर लक्ष केंद्रित झाले. आयोगाची ही छाननी आजही आदर्श वाटावी अशी आहे. परंतु तीच छाननी हेही दाखविते की, ज्या आरोपाचा गवगवा होता त्याचाच शोध घेतला गेला. वांतीबद्दल कोणी आरोप केला नव्हता, म्हणून तिची निर्दोषताही तपासली गेली नाही.

शिवाय त्या काळात दख्खनमध्ये वांती म्हटली की वैद्याला, डॉक्टरला आणि घरच्यांनाही आधी पटकी आठवे. पटकी नसेल तर पित्त, अजीर्ण किंवा बाधा. सकाळची ओकारी ‘पित्त झाले आहे’ या तीन शब्दांत आजही निकालात निघते. एवढी तयार स्पष्टीकरणे उपलब्ध असता चिलमीकडे बोट दाखविण्याचे कारण उरत नव्हते.

गोदावरीच्या अलीकडे

मुंबई इलाख्यात गांजाच्या लागवडीचे प्रमुख केंद्र अहमदनगर जिल्हा (आजचा अहिल्यानगर) होते. फुलोऱ्यात बी धरू नये म्हणून नर झाडे उपटून टाकण्याची पद्धत गांजाच्या शेतीत रूढ होती. त्यामुळे तो गांजा सौम्यच असला पाहिजे, असे सरसकट म्हणता येत नाही. अमेरिकेत जप्त मालातील टीएचसीचे प्रमाण 1995 मध्ये सुमारे 4 टक्के होते, ते 2014 मध्ये सुमारे 12 टक्क्यांवर गेले आणि विकाराच्या प्रसाराशी या वाढीचा संबंध जोडला जातो. तो योग्यही असेल. मात्र केवळ त्यावरून जुन्या काळी विकार नव्हताच असे म्हणणे घाईचे आहे.

नगर जिल्हा संपतो तो गोदावरीवर. प्रवरासंगमाला टोके आणि पलीकडे कायगाव, की आपण छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात आलो. 1893 मध्ये हे पात्र दोन राज्यांची सीमा होते. अलीकडच्या तीरावर निजामाचे राज्य होते आणि आयोगाची साक्षतपासणी मुख्यतः ब्रिटिश प्रांतांत झाली. संस्थानी हद्दीचा विचार ब्रिटिश अबकारी अधिकारी करीत तो प्रामुख्याने चोरट्या आयातीच्या अंगाने. परिणामी औरंगपुरा, बेगमपुरा यांसारख्या पुऱ्यांनी वसलेल्या औरंगाबाद शहरातील (आजचे छत्रपती संभाजीनगर) सेवनकर्त्याच्या प्रकृतीविषयी त्या जगप्रसिद्ध चौकशीतून फारसे हाती लागत नाही. मराठवाड्यातील पहिले शासकीय वैद्यकीय महाविद्यालय या शहरात 1956 मध्ये सुरू झाले. तोपर्यंत आधुनिक रुग्णालयीन नोंदींचा आधारही येथे तुटपुंजाच होता.

ऊन पाण्याची खूण

अॅडिलेडच्या डॉक्टरांना विकाराचा धागा सापडला तो मुख्यतः स्नानामुळे. ही खूण घरोघरी नळाला गरम पाणी असलेल्या समाजात दिसू शकते. तोटी फिरविली की तासभर ऊन पाणी, ही सोय एकोणिसाव्या शतकातील दख्खनमध्ये श्रीमंतांनाही नव्हती. बंब पेटवायचा तर लाकूडफाटा हवा, पाणी ओढून आणणारे माणूस हवे. दिवसातून आठ वेळा ऊन पाणी मागणारा गांजेकस घरात फार काळ खपवून घेतला गेला नसता. शिवाय नित्य व जड सेवन करणाऱ्यांत ज्यांची नावे साक्षीतून वारंवार येतात ते बैरागी, गोसावी व फकीर नदीवर थंड पाण्याने स्नान करणारे. त्यांच्यापैकी कोणाला हा विकार झाला असेलच, तर शेक घ्यायला धुनी होती, आणि धुनीजवळ बसलेला बैरागी कोणाच्याही नजरेला वेगळा वाटत नाही. हे अनुमान आहे, पुरावा नव्हे. परंतु लक्षण दिसण्यासाठीही विशिष्ट भौतिक परिस्थिती लागते, ही बाब वैद्यकाच्या इतिहासात पुरेशी लक्षात घेतली जात नाही.

1985 नंतर

1985 चा अमली पदार्थविरोधी कायदा अमलात आला आणि गांजा व चरस देशभर दंडनीय ठरले. त्या कायद्याच्या व्याख्येतून पाने वगळल्यामुळे भांग राज्यांच्या अखत्यारीत राहिली. महाराष्ट्रात तिच्यावर 1949 च्या महाराष्ट्र दारूबंदी कायद्याचे नियंत्रण आहे. अबकारी खात्याच्या दुकानांबरोबर सेवनाच्या सरकारी नोंदीही संपल्या. सेवन मात्र संपले नाही. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार सुमारे 3.1 कोटी भारतीयांनी वर्षभरात भांग, गांजा वा चरस घेतलेला होता आणि त्यांपैकी गांजा-चरस घेणारे सुमारे 1.3 कोटी होते. अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात निर्बंध शिथिल झाल्यावर दोन रुग्णालयांच्या तातडीच्या विभागात आवर्ती वांतीच्या रुग्णांचे प्रमाण जवळपास दुप्पट झाल्याचे 2015 मध्ये दाखविण्यात आले. भारतातूनही अलीकडे अशी रुग्णवृत्ते प्रसिद्ध झाली आहेत. त्यांतील अनेक रुग्ण निदानापूर्वी दुर्बिणीच्या तपासण्या व तऱ्हेतऱ्हेच्या औषधांतून गेलेले असतात.

1893 मध्ये सेवनकर्ता परवानाधारक दुकानातून उघडपणे माल घेत होता. त्याला विचारले असते तर त्याने सांगितले असते, पण विचारणाऱ्यापाशी प्रश्न नव्हता. आज प्रश्न उपलब्ध आहे आणि उत्तर देणे जोखमीचे झाले आहे. कायद्याच्या 27 व्या कलमानुसार गांजाच्या सेवनाला सहा महिन्यांपर्यंत कारावास, दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे. सोबत आई-वडील किंवा पत्नी उभी असताना, केसपेपरवर काय लिहिले जाईल या धास्तीने, तंबाखूपलीकडची कबुली सहसा मिळत नाही. याच कायद्याच्या 64-अ या कलमाने शासकीय वा मान्यताप्राप्त रुग्णालयात व्यसनमुक्तीच्या उपचारासाठी स्वेच्छेने आलेल्यास खटल्यापासून संरक्षण दिले आहे. मात्र पोट धरून ओकत आलेला आणि आपल्याला व्यसन आहे हेच मान्य नसलेला रुग्ण त्या कलमाच्या शब्दांत सहजासहजी बसत नाही.