तोफेची नजर, पाणबुड्याची नजर

बेटाचा लष्करी अर्थ आगाशीकरांना वेगळा सांगायला नको. समोर अर्नाळा आहे. १५३० साली पोर्तुगीजांनी आगाशी जाळली. पुढे १७३७ मध्ये मराठ्यांनी अर्नाळा घेऊन किल्ला नव्याने उभारला. त्या काळी बेट राखायचं असे. विसाव्या शतकात उलटा प्रकार आला : बेटावरच मारा करून नेम शिकायचा.

आपल्या जवळचं उदाहरण म्हणजे नेत्राणी. मुरुडेश्वरसमोर, उत्तर कन्नड जिल्ह्यात. हा जिल्हा १९५६ पर्यंत मुंबई राज्यातच होता. नौदलाने नेत्राणी सरावाचं लक्ष्य म्हणून वापरलं. बेट निर्जन, मग हरकत कोणाची? पण मच्छीमार तिथे नवस फेडायला जातात, बकऱ्या सोडतात. कड्यांवर समुद्री गरुडांची घरटी आहेत आणि पाण्याखाली प्रवाळ. वाद कर्नाटक उच्च न्यायालयापर्यंत गेला. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी तिथल्या प्रवाळाची पाहणीही केली.

आता पाहणी म्हणजे काय? तळावर टेप पसरायची आणि तिच्याखाली जिवंत प्रवाळ किती, मेलेलं किती, तुटलेलं किती, शेवाळ किती, ते मोजायचं. मासे मोजायचे. पण एवढ्याने तब्येत कळत नाही. डॉक्टरसुद्धा विचारतो, आधी कसं होतं? पहिला गोळा पडण्यापूर्वीची नोंद नसेल, तर तुकडा तोफेने पडला, होडीच्या नांगराने की वादळाने, हे कसं ठरवणार?

दूर पॅसिफिकमध्ये, मारियाना द्वीपसमूहात, फॅरालॉन दे मेदिनिया नावाचं बेट आहे. अमेरिकन नौदल १९७१ पासून त्यावर बॉम्ब टाकतंय. तिथे पाहण्या वारंवार झाल्या, पण त्या नौदलानेच करवलेल्या. २०१७ च्या पाहणीत प्रवाळ मोठ्या प्रमाणावर पांढरं पडलेलं आढळलं. कारण बॉम्ब नव्हे, तापलेलं पाणी. म्हणजे बॉम्ब निर्दोष ठरले का? नाही. तापाने फणफणलेल्या माणसाला मार सोसत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

देशाला सराव लागतो, हे मला मान्य आहे. माझा आक्षेप 'निर्जन' या शब्दाला आहे. तो शब्द किनाऱ्यावरून, दुर्बिणीतून बघून ठरतो; पाण्यात उतरून नाही. म्हणून मोजणी आधी व्हावी, मारा करणाऱ्याने नव्हे तर दुसऱ्या कोणी करावी, आणि नोंदवही सगळ्यांना बघता यावी. माऱ्यानंतर होते तिला पाहणी कशाला म्हणायचं? तो पंचनामा.