तबकडी ते पेन ड्राइव्ह : साठवलेली माहिती कशी जपावी?

घरातील कपाटाच्या एखाद्या खणात लग्नाच्या चित्रणाची सीडी, मुलांच्या स्नेहसंमेलनाची डीव्हीडी, एमआरआय तपासणीची तबकडी आणि दोन-चार पेन ड्राइव्ह हमखास सापडतात. कागदाला वाळवी लागली किंवा शाई पुसट झाली, तर ते डोळ्यांना दिसते. या साधनांचे तसे नाही. बाहेरून धडधाकट दिसणारी तबकडी आतून निकामी झालेली असू शकते आणि ते उमगते ते नेमके माहिती हवी असते त्या दिवशी. म्हणूनच कोणते साधन कशामुळे बिघडते, हे जाणून ते हाताळणे आवश्यक ठरते.

तबकडीची नाजूक बाजू

१९८२ मध्ये बाजारात आलेली सीडी ही १२० मिलिमीटर व्यासाची आणि १.२ मिलिमीटर जाडीची पॉलिकार्बोनेट प्लास्टिकची चकती असते. तिची चकाकती बाजू तेवढी जपावी, नाव छापलेल्या बाजूची काळजी नको, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुस्थिती वेगळी आहे. लेसर किरण चकाकत्या बाजूने आत शिरून प्लास्टिकची जवळजवळ संपूर्ण जाडी ओलांडतो, तेव्हा कुठे माहितीपर्यंत पोहोचतो. धातूचा परावर्तक थर असतो तो छापील बाजूला, लाखेसारख्या पातळ लेपाच्या लगेच खाली. त्यामुळे खालच्या बाजूवरील बारीक ओरखडे बहुधा निभावून जातात. वरच्या बाजूवर बॉलपेनने पडलेला चरा मात्र माहितीच कायमची खरवडून टाकू शकतो.

डीव्हीडीमध्ये ०.६ मिलिमीटरच्या दोन चकत्या एकमेकींना चिकटवलेल्या असून माहिती त्यांच्या मधोमध असते. तिला ओरखड्यांपेक्षा वाकवण्याचे भय अधिक. डबीतून तबकडी काढताना ती कडेने ओढू नये. मधली खुंटी दाबून मग अलगद उचलावी. बोटे फक्त कडेला आणि मधल्या छिद्राला लागावीत. नाव लिहायचे असल्यास जलाधारित शाईचे, मऊ टोकाचे पेन वापरावे आणि शक्यतो मधल्या पारदर्शक कड्यावर लिहावे. चिकटणारी लेबले टाळावीत. ती सोलताना खालचा थर निघून येण्याचा धोका असतो.

तबकडी पुसताना मऊ सुती कापड केंद्राकडून कडेकडे सरळ रेषेत फिरवावे. माहिती वर्तुळाकार मार्गावर नोंदलेली असते. आडवा चरा त्या मार्गाला जागोजागी थोडेसेच छेदतो आणि ती उणीव यंत्र स्वतःच भरून काढू शकते. गोलाकार पुसण्याने पडलेला चरा मात्र एकाच मार्गावरून लांबवर जातो आणि सलग माहिती नष्ट करतो.

ऊन आणि पावसाळा

अमेरिकेच्या राष्ट्रीय मानके व तंत्रज्ञान संस्थेने २००३ मध्ये सीडी-डीव्हीडीच्या निगेविषयी मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. दीर्घकाळ जपणुकीसाठी तीत ४ ते २० अंश सेल्सियस तापमान आणि २० ते ५० टक्के सापेक्ष आर्द्रता सुचवली आहे. मुंबई आणि कोकणात पावसाळ्यात आर्द्रता अनेकदा ८० टक्क्यांच्या वर असते. तेव्हा तबकड्या घट्ट बंद होणाऱ्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसह आणि पुस्तकांप्रमाणे उभ्या ठेवाव्यात. मध्य अमेरिकेतील बेलीझच्या दमट हवेत एका सीडीतील धातूचा थर बुरशीने खाल्ल्याचे २००१ मध्ये उघडकीस आले होते. घरी नोंदवलेल्या तबकड्यांत सेंद्रिय रंगद्रव्याचा थर असतो. त्यांना थेट ऊन अजिबात दाखवू नये.

पेन ड्राइव्ह आणि मेमरी कार्ड

या साधनांत हलणारा भाग नसतो. माहिती असते ती सूक्ष्म कप्प्यांत अडकवलेल्या विद्युतभाराच्या रूपात. हा भार वर्षानुवर्षे हळूहळू झिरपतो आणि उष्णतेत अधिक वेगाने झिरपतो. शिवाय प्रत्येक कप्प्यावर पुसून पुन्हा लिहिण्यालाही मर्यादा असते. म्हणून पेन ड्राइव्ह ही माहिती नेण्याची पिशवी समजावी, तिजोरी नव्हे. उन्हात उभ्या केलेल्या मोटारीत तो विसरू नये.

लिहिण्याचे काम चालू असताना पेन ड्राइव्ह ओढून काढल्यास फायलींची अनुक्रमणिकाच विस्कटते. २०१८ च्या अखेरच्या आवृत्तीपासून विंडोज १० मध्ये चटकन काढता येण्याची सोय मुळातच चालू असते; तरीही नक्कल पूर्ण होईपर्यंत थांबणे आणि ‘सेफली रिमूव्ह’चा पर्याय निवडणे हेच श्रेयस्कर.

मेमरी कार्ड कॅमेरा बंद केल्यावरच काढावे आणि फॉरमॅट त्याच कॅमेऱ्यात करावे. चुकून छायाचित्रे पुसली गेली, तर त्या कार्डावर पुढे एकही छायाचित्र काढू नये. नवी माहिती त्या जागेवर लिहिली जाईपर्यंत जुनी बहुधा परत मिळवता येते. याचीच दुसरी बाजू अशी, की नुसत्या पुसलेल्या फायली असलेला पेन ड्राइव्ह दुसऱ्याला देणे म्हणजे त्या फायलीच देणे होय.

फिरती चकती, परका संगणक

बाह्य हार्ड डिस्कमध्ये चकत्या मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेरे घेत असतात आणि वाचक शीर्ष त्यांच्यापासून केसाच्या जाडीहून कितीतरी कमी अंतरावर तरंगत असते. ती चालू असताना हलवू नये. बंद केल्यावरही चकत्या स्थिरावेपर्यंत काही क्षण थांबावे.

उपद्रवी प्रोग्राम पसरण्याचा पेन ड्राइव्ह हा जुना मार्ग आहे. २०१० मध्ये उघडकीस आलेला स्टक्सनेट पेन ड्राइव्हमधूनही पसरत असे. झेरॉक्सच्या दुकानात छपाईसाठी जाताना वेगळा पेन ड्राइव्ह, त्यात हवी तेवढीच फाइल, असा नियम ठेवावा. परतल्यावर तो अँटिव्हायरसने तपासावा. रस्त्यात सापडलेला पेन ड्राइव्ह तर संगणकाला जोडूच नये.

एक प्रत म्हणजे शून्य प्रत

कितीही काळजी घेतली, तरी कोणतेही साधन अमर नाही. छायाचित्रकार पीटर क्रो यांनी रूढ केलेला नियम सोपा आहे : तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, त्यांपैकी एक घराबाहेर. ही तिसरी प्रत क्लाउडवर किंवा नातलगांकडील हार्ड डिस्कवर ठेवता येते.

साधन टिकले तरी ते वाचणारे यंत्र टिकेलच असे नाही. सोनीने जपानमध्ये फ्लॉपीची विक्री २०११ मध्ये थांबवली. आजच्या बहुतेक लॅपटॉपमध्ये सीडीसाठी जागाच नसते. यूएसबीने जोडता येणारे सीडी-डीव्हीडी ड्राइव्ह अद्याप मिळतात. तेव्हा कपाटातील त्या तबकड्या बाहेर काढून त्यांच्या नकला करून घ्याव्यात आणि नक्कल उघडते याची खात्री पटल्यावरच मूळ तबकडी पुन्हा आत ठेवावी.