कॅमेऱ्याची निवड (महाराष्ट्रातील आरंभीचे चित्रपट)

कॅमेऱ्याची मुख्य अंगे दोन : प्रकाशबंद पेटी आणि प्रतिमा पाडणारे भिंग. चलच्चित्रणाच्या कॅमेऱ्यात यांखेरीज फीत चौकटीचौकटीने पुढे सरकविणारी यंत्रणा असते. अल्प भांडवलात यांपैकी कशावर किती खर्च करावा, हा प्रश्न महाराष्ट्रातील आद्य चित्रपटनिर्मात्यांपुढे उभा राहिला व तो त्यांनी दोन भिन्न मार्गांनी सोडविला.

धुंडिराज गोविंद फाळके (१८७०–१९४४) यांनी विमापत्रे गहाण ठेवून कर्ज काढले व फेब्रुवारी १९१२ मध्ये ते लंडनला गेले. तेथे बायस्कोप या नियतकालिकाचे संपादक कॅबोर्न यांचे त्यांना साहाय्य लाभले. सु. ५० पौंडांस त्यांनी हाताने फिरवावयाचा विल्यम्सन कॅमेरा घेतला. कच्ची फीत छिद्रांविना येत असल्याने छिद्रणयंत्रही घेणे भाग पडले. कारण छिद्रांवाचून कॅमेऱ्यात फीत सरकत नाही. अंधारात छिद्रे पाडण्याचे काम पुढे त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई करीत. चित्रपटास लागणारे भांडवल मात्र उरले नव्हते. तेव्हा फाळके यांनी वाटाण्याचे रोप वाढत असता ठराविक अंतराने एकेक चौकट टिपली. पडद्यावर क्षणार्धात वाढणारे ते रोप हीच धनिकांपुढे ठेवावयाची कॅमेऱ्याची व कर्त्याची परीक्षा ठरली. राजा हरिश्चंद्र हा चित्रपट ३ मे १९१३ रोजी मुंबईत प्रदर्शित झाला.

कोल्हापूरचे बाबूराव पेंटर (१८९०–१९५४) यांनी परदेशी कॅमेरा न आणता तो स्वतः घडविण्याचे ठरविले. त्यांचे आप्त व सहकारी आनंदराव पेंटर १९१६ मध्ये निवर्तले. तथापि काम थांबले नाही. विष्णुपंत दामले यांच्या मदतीने १९१८ मध्ये कॅमेरा सिद्ध झाला व महाराष्ट्र फिल्म कंपनीचा सैरंध्री हा चित्रपट १९२० मध्ये प्रकाशात आला. पैशाची उणीव येथे कारागिरीने भरून काढली. त्याचे मोल काही वर्षांच्या कालावधीने चुकवावे लागले.

पेटी व भिंग वेगवेगळी घेता येणाऱ्या एकभिंगी परावर्ती कॅमेऱ्याने पुढे हाच प्रश्न हौशी छायाचित्रकारापुढे आणला. निकॉन कंपनीने १९५९ मध्ये योजिलेली भिंगाची जोडणी तिच्या १९९९ च्या डी१ या अंकीय कॅमेऱ्यातही कायम राहिली. अंकीय पेटी नव्या संवेदकांमुळे लवकर जुनी होते. चांगले भिंग मात्र त्याच जोडणीच्या पुढील पेट्यांवर प्रायः चालते. म्हणून बेताच्या पैशात साधी किंवा वापरलेली पेटी घेऊन उरलेली रक्कम भिंगावर खर्चणे हितावह ठरते. तथापि फाळके यांच्या छिद्रणयंत्राप्रमाणे आनुषंगिक साधनांसाठीही काही रक्कम राखावी लागते.