मांजरेकाठची येळवस

मार्गशीर्षाची अमावास्या जवळ आली, म्हणजे बीड जिल्ह्याच्या दक्षिण आणि पूर्व अंगाला, अंबाजोगाई, केज व परळी या तालुक्यांच्या खेड्यांतून, घरोघर एकाच दिवसाची बोलणी सुरू होतात. पंचांगात तिची नोंद दर्शवेळा अमावास्या अशी असते, सुशिक्षित मंडळी तिला वेळ अमावास्या म्हणतात, आणि चुलीपाशी व बांधावर तिचे नाव येळवस. इंग्रजी महिन्यांच्या हिशेबाने ती कधी डिसेंबरच्या उत्तरार्धात, तर कधी जानेवारीच्या पूर्वार्धात पडते. त्या दिवशी ऊन अंगाला लागू लागते न लागते तोच गावे रिकामी होतात. म्हातारेकोतारे, लेकुरवाळ्या, शाळकरी मुले आणि कुंची-दुपट्यात गुंडाळलेली तान्ही बाळे यांच्यासह सारा कुटुंबकबिला शेतात जातो आणि दिवस मावळेपर्यंत तेथेच राहतो. देवळांच्या, जत्रांच्या व तीर्थक्षेत्रांच्या इतिहासावर पुष्कळ लिहिले गेले आहे. परंतु ज्या उत्सवाला देऊळ नाही, पुजारी नाही आणि कोणा सुलतानाची वा पेशव्याची सनद नाही, त्याचा इतिहास लिहिण्याची तसदी क्वचितच कोणी घेते. माझ्या मते घरातल्या लहान मुलाला त्याच्या शेताची ओळख करून देणे हाच या सणाचा गाभा आहे, आणि इतक्या राजवटी येऊन गेल्या तरी तो टिकला, याचे कारणही त्यातच आहे.

या सणाची भूमी नीट समजून घेतली पाहिजे. बालाघाटाची डोंगररांग बीड जिल्ह्याचे दोन भाग करते. तिच्या उत्तरेस गेवराई-माजलगावची सखल गंगथडी, आणि दक्षिणेस मांजरेच्या खोऱ्याकडे उतरत जाणारा घाटावरचा मुलूख. मांजरा नदी याच जिल्ह्यात, पाटोदा तालुक्यातील गवळवाडीजवळ उगम पावते, केज-अंबाजोगाईच्या कडेकडेने लातूरकडे वळते, पुढे बिदरच्या प्रदेशातून तेलंगणात शिरते आणि अखेरीस गोदावरीला मिळते. येळवशीचा प्रदेश बहुतांशी या नदीच्या सोबतीने पसरला आहे. बीडचे हे तालुके, धाराशिव, लातूर, आणि सीमेपलीकडे बिदर व कलबुर्गी, या साऱ्या पट्ट्यात याच अमावास्येला शेतकरी कुटुंबे बैलगाड्या जुंपून शिवारात जातात आणि पिकांना नैवेद्य शिंपतात. कल्याणीच्या चालुक्यांच्या आणि त्यानंतर देवगिरीच्या यादवांच्या अमलाखाली हा सारा मुलूख शतकानुशतके एकत्र नांदला. सिंघणदेवाचा सेनापती खोलेश्वर याचे तेराव्या शतकातील शिलालेख अंबाजोगाईस आहेत, आणि मुकुंदराजांची समाधी त्याच गावाच्या परिसरात आहे. मराठी व कन्नड बोलणारी कुळे येथे एकाच काळ्या मातीवर, एकाच रब्बी हंगामाच्या आशेवर जगली. म्हणून भाषेची सीमा पुढे कोठेही आखली गेली, तरी या सणाची सीमा जमिनीने आणि पिकाने ठरवली.

तिथीची निवडही हंगामानेच केलेली दिसते. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतील या प्रदेशात खरिपाचा भरवसा थोडा, आणि काळ्या रानात साठलेल्या ओलीवर येणारी शाळू ज्वारी हाच घरादाराचा खरा आधार. मार्गशीर्ष संपतो तेव्हा कापसाची वेचणी बव्हंशी आटोपलेली असते, तूर शेंगांनी लगडलेली असते, हरभरा घाट्यावर आलेला असतो आणि ज्वारी निसवू लागलेली असते. काम थोडे थांबलेले, राखणीला अजून अवकाश, आणि पीक डोळ्यांना दिसते पण हाती आलेले नाही, अशा या संधिकाळात कृतज्ञता आणि काळजी या दोन्ही भावना एकत्र येतात. बोरे, ओला हरभरा, उसाचे करवे, भुईमुगाच्या शेंगा हे सारे याच दिवसांत मिळते; आणि पुढे संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत घरातल्या लहानग्याला हलव्याचे दागिने घालून जे बोरन्हाण घालतात, त्यात त्याच्या डोक्यावरून ओतला जातो तोही हाच शिवाराचा मेवा.

राज्यकर्त्यांच्या दृष्टीने मात्र हीच वेळ वसुलीच्या अंदाजाची. जमिनीचा सारा आणि घरातले मूल यांचा संबंध किती जवळचा होता, हे अंबाजोगाईच्याच एका थोर पुरुषाच्या चरित्रावरून ध्यानात येते. दासोपंत (1551–1615) हे नारायणपेठच्या देशपांडे घराण्यातले. वडिलांकडून सरकारी भरणा थकला म्हणून बिदरच्या बरीदशाही दरबाराने या कोवळ्या वयाच्या मुलाला ओलीस ठेवून घेतले, अशी त्यांची परंपरागत चरित्रकथा आहे. पुढे अंबाजोगाईस वास्तव्य करून त्यांनी अफाट ग्रंथरचना केली, आणि ‘पंचीकरण’ हे प्रकरण सुमारे 40 फूट लांबीच्या पासोडीवर लिहिले. पासोडी म्हणजे थंडीत अंगावर घ्यायचे जाडेभरडे वस्त्र. त्या वस्त्राला वेदान्ताची प्रतिष्ठा देणारा हा सत्पुरुष बालपणी थकलेल्या वसुलापायी आईबापांपासून दुरावला होता, ही गोष्ट या प्रदेशाच्या इतिहासात मला फार अर्थपूर्ण वाटते. ज्या मुलखात वसुलाच्या तगाद्याची झळ मुलाबाळांपर्यंत पोहोचत असे, तेथे वर्षातून एक दिवस कुटुंबाने मुलाबाळांसह आपल्या पिकात बसून, कोणत्याही अंमलदाराला न विचारता, पोटभर जेवावे, याचे मोल केवळ करमणुकीचे खास नव्हते.

आसफजाही अमलात पहिल्या सालारजंगांनी 1865 मध्ये जिलाबंदी केली, अव्वल तालुकदार, तहसीलदार, पटवारी यांची उतरंड बसवली, आणि कागदोपत्री फसली सन चालू राहिला. अंबाजोगाईचे नाव त्या दप्तरात मोमिनाबाद असे होते. कचेरीतले महिने आजूर, दै, बहमन या फारसी नावांचे. जमाबंदीची भाषा आधी फारसी आणि मग उर्दू. पण येळवस कोणत्या तारखेस, हे विचारायला कोणाला कचेरीत जावे लागले नाही. ते गावचा जोशी आणि घरची म्हातारी सांगत असे. सप्टेंबर 1948 मध्ये हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले, 1949 मध्ये जहागिऱ्या गेल्या, 1950 च्या कूळकायद्याने संरक्षित कुळांना जमिनीवर हक्क दिला. 1956 मध्ये मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आणि 1960 मध्ये महाराष्ट्रात आला. या बदलांनी सणाचे विधी बदलले नाहीत. परंतु जे बाप काल दुसऱ्याच्या रानात सालगडी किंवा कूळ म्हणून नैवेद्य शिंपत होते, त्यांच्यापैकी कित्येकांना आता आपल्या नावच्या सातबाऱ्याच्या शिवारात मुलाला कडेवर घेऊन उभे राहता आले. आणि तो फरक ज्याने अनुभवला, त्यालाच त्याची किंमत.

आता प्रत्यक्ष सणाकडे वळू. त्याची सुरुवात आदल्या दिवशी होते. ज्वारीचे पीठ ताकात कालवून आंबीलीला ठेवतात, आणि ती ज्या लहान मातीच्या बिंदग्यांतून न्यायची, त्या चुन्या-कावेने रंगवून काढतात. रात्र सरता सरता बायका चुलीपाशी बसतात, कारण या दिवसाचा मुख्य पदार्थ जी भज्जी, ती घाईने होत नाही. तुरीचे, वाटाण्याचे, हरभऱ्याचे ओले दाणे, मेथी, चुका, पालक, हरभऱ्याचा कोवळा पाला, कांद्याची पात, गाजर, वांगी, चिंच, बोरे, असे रानात आणि परसात जे जे हिरवे आहे, ते सारे एकत्र शिजवून, बेसन लावून, मिरची-लसणाच्या फोडणीने घोटघोटून ती सिद्ध करतात. जोडीला बाजरीचे उंडे, धपाटे, तिळाच्या व शेंगदाण्याच्या पोळ्या, गव्हाची खीर. एका भांड्यात संपूर्ण शिवार आणून ठेवणारी ही भज्जी म्हणजे त्या वर्षीच्या शेताची चवीने लिहिलेली पाहणी असते. साल कसे आहे, हे पहिल्याच घासाला कळते.

शेतात पुरुषांनी कडब्याच्या पाच पेंढ्या उभ्या करून, शेंडे एकत्र बांधून कोप केलेली असते. तिच्यावर नवे लुगडे किंवा शाल पांघरतात. आत पाच दगड चुन्याने रंगवून पांडव म्हणून मांडतात, आणि लक्ष्मीची पूजा करतात. वनवासी पांडवांना पूजेचा मान देणारा हा विधी करणाऱ्याला मंत्र येण्याची गरज नसते. पूजा झाली की घरचा कर्ता खांद्यावर घोंगडी टाकून, बिंदगीतली आंबील व भज्जी पिकात शिंपीत शेताला फेरी घालतो. याला चर शिंपणे म्हणतात. त्याच्या मागून मुले परंपरेने आलेला घोष ओरडत धावतात. सगळ्यांत लहान मूल बापाच्या खांद्यावर बसलेले असते, आणि या फेरीत त्याला पहिल्यांदा बांध दिसतो: येथून येथवर आपले, या बाभळीपलीकडे चुलत्याचे, ओढ्याकडची पट्टी दर वर्षी वाहते, विहिरीजवळचा तुकडा आजोबांनी खोदकाम करून सुधारला. पटवाऱ्याच्या नकाशात जे आकड्यांनी नोंदलेले असते, ते येथे चालून, हात लावून, नावे घेऊन मुलाच्या स्वाधीन होते.

त्यानंतर जेवण. पंगत कोपीसमोर ढेकळांवर वाकळ अंथरून बसते. या दिवशी वाटसरूला हाक मारून बसवण्याची रीत आहे, आणि ज्याला शेत नाही त्याने दुसऱ्याच्या शेतात जाऊन जेवण्यात कसलाही कमीपणा नाही; ज्याला रान आहे तो यजमान, ज्याला नाही तो पाहुणा, इतकाच काय तो भेद. शहरात नोकरीस असलेली भावंडे, सासरी गेलेल्या लेकी, शाळेतले मास्तर, सारे कोणाच्या ना कोणाच्या शेतात असतात. दुपारी बाया झाडाला झोका बांधतात, तान्ह्याला लुगड्याच्या झोळीत निजवतात, आणि थोरली पोरे बोरी झोडपत ओढ्याकाठी हिंडतात. आंबीलीची पहिली चव बाळाला बोटाने चाटवतात. आंबटाने ते तोंड वाकडे करते आणि सगळी पंगत हसते. उन्हे कलली की गोवऱ्यांवर लहानशा मडक्यात दूध उतू घालतात, आणि ते ज्या दिशेला सांडेल त्यावरून पुढच्या पावसाचा होरा बांधतात. अंधार पडू लागताच तरुण मुले कडब्याचा पेटता हेंडगा घेऊन शेताभोवती धावतात. मग गाड्या जुंपून घरी परतायचे.

शेजारच्या लातूर व धाराशिव जिल्ह्यांत या दिवसाला जिल्हाधिकाऱ्यांची स्थानिक सुट्टी मिळते, म्हणजे ज्या सणाने शतकानुशतके सरकारला ओळखले नाही, त्याची ओळख सरकारने अखेर करून घेतली आहे. बैलगाडीच्या जागी ट्रॅक्टर आणि मोटारसायकली आल्या, शाळूच्या रानात सोयाबीन आणि ऊस शिरला. यातले काहीही मला विशेष चिंतेचे वाटत नाही. जिवंत चालीरीती असेच बदल पचवून पुढे जातात. चिंता आहे ती दुसऱ्याच गोष्टीची.

1950 मध्ये प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना उभा राहिला, आणि पुढे पश्चिम महाराष्ट्रात कारखान्यांची रांग लागली. ऊस तोडायला हात हवे होते, आणि बालाघाटाच्या कोरडवाहू माळावर हातांना काम नव्हते. 1972 च्या दुष्काळाने ही ओढ पक्की केली. तेव्हापासून दसरा-दिवाळीनंतर मुकादमाची उचल घेऊन बीड जिल्ह्यातील लक्षावधी माणसे टोळ्या-टोळ्यांनी घाट उतरतात आणि गळीत हंगाम संपल्यावर उन्हाळ्यात परत येतात. त्या व्यवहारात नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. हिशेब कोयत्याचा, माणसांचा नव्हे. थोरल्या मुलांना गावी आजी-आजोबांपाशी ठेवता यावे म्हणून हंगामी वसतिगृहे निघाली, कारखान्यांच्या तळांवर साखरशाळा चालल्या, आणि त्यांचे काम मोलाचे आहे. परंतु अंगावर पिणारे मूल आईपासून वेगळे राहू शकत नाही. ते फडात जाते. पाचटाच्या ढिगाशेजारी झोळीत निजते, आणि पहाटेच्या थंडीत आईबाप मोळ्या बांधून गाडी भरत असताना थोरल्या बहिणीच्या कडेवर असते. येळवशीच्या दिवशी गावच्या रानात कडब्याची कोप एका दिवसापुरती उभी राहते, त्याच दिवशी या मुलाचे बिऱ्हाड दूरच्या तळावर पालाच्या कोपीत असते, सहा महिन्यांसाठी. ज्याच्यासाठी हा सण, तेच मूल गावाबाहेर असते.

म्हणून येळवशीचा इतिहास लिहिताना तिचे विधी नोंदवून थांबता येत नाही. बिदरच्या दरबाराने वसुलासाठी मूल ओलीस ठेवले, ती कथा आपण जुलमाची कथा म्हणून सांगतो. उचलीच्या कर्जापायी मुलाचा हिवाळा गहाण पडतो, त्यालाही तेच नाव देण्याचे धैर्य आपल्याला झाले पाहिजे. मांजरेच्या खोऱ्यातले पाणी बालाघाटाच्या माळावर कसे टिकवायचे, गावातच हिवाळ्याचे काम कसे उभे करायचे, कोयत्याऐवजी माणसांचा हिशेब कधी सुरू करायचा, हे प्रश्न कारखान्यांपुढे आणि सरकारपुढे आहेत, आणि त्यांची उत्तरे अशक्य कोटीतली नाहीत. या सणाने स्वतःचा एक कायदा पूर्वीच घालून दिला आहे: त्या दिवशी शिवारात कोणी उपाशी राहायचे नाही आणि कोणाला परके मानायचे नाही. बीड जिल्ह्याच्या प्रगतीची मोजमापे अनेक निघतील. माझ्यापुरते माप एवढेच, की मार्गशीर्षाच्या अमावास्येला या जिल्ह्यातले प्रत्येक लहान मूल आपल्या माणसांबरोबर आपल्या गावच्या रानात जेवायला बसले पाहिजे.