न पोहोचलेली पत्रे : आउटसायडर आर्टचा प्रवास

कलाशाळेत न गेलेल्या, चित्रबाजाराशी संबंध नसलेल्या आणि पुष्कळदा समाजानेच बाजूला काढलेल्या माणसांच्या निर्मितीला ‘आउटसायडर आर्ट’ म्हणतात. रॉजर कार्डिनल या इंग्रज अभ्यासकाच्या १९७२ च्या पुस्तकाने हे नाव रूढ केले. ही कला जमवण्याची सुरुवात मात्र त्याच्या अर्धशतकभर आधी, युरोपातल्या मनोरुग्णालयांत झाली.

कलेतिहास शिकून मग डॉक्टर झालेला हान्स प्रिन्झहॉर्न १९१९ मध्ये जर्मनीतील हायडेलबर्गच्या मनोरुग्णालयात रुजू झाला. ठिकठिकाणच्या रुग्णालयांकडून त्याने रुग्णांची चित्रे, वह्या, भरतकाम मागवले. सुमारे ४५० जणांच्या ५,००० च्या आसपास वस्तू जमल्या आणि १९२२ मध्ये त्यांवरचे त्याचे पुस्तक निघाले. तोवर डॉक्टर असे कागद पाहत ते मुख्यतः निदानासाठी. प्रिन्झहॉर्नने त्यांत कला पाहिली. पण संग्रहातल्या कित्येक वस्तू मुळात निरोप होत्या. आग्नेस रिश्टर या शिवणकाम करणाऱ्या रुग्णेने रुग्णालयातल्या कापडाचे जाकीट शिवले आणि त्यावर दोऱ्याने स्वतःविषयीची वाक्ये भरली. १९०९ मध्ये दाखल झालेल्या एमा हाउकने नवऱ्याला पत्रे लिहिली. त्यांतल्या काहींत ‘ये’ हा एकच शब्द पेन्सिलीने ओळीवर ओळ चढवत इतक्या वेळा लिहिला आहे की कागदावर करड्या रंगाचे उभे पट्टे तेवढे दिसतात. ही पत्रे टपालात पडलीच नाहीत, तिच्या कागदपत्रांतच राहिली. आज ती रेखाटने म्हणून प्रदर्शनांत लागतात.

नाझी राजवटीने या संग्रहाचा उलटा उपयोग केला. ‘विकृत कला’ या फिरत्या प्रदर्शनात आधुनिक चित्रकारांची बदनामी करण्यासाठी रुग्णांची चित्रे त्यांच्या शेजारी लावली गेली. प्रिन्झहॉर्नने ज्याची विशेष वाखाणणी केली होती, त्या फ्रान्झ कार्ल ब्यूलरला १९४० मध्ये ग्राफेनेक येथे इतर रुग्णांबरोबर ठार मारण्यात आले.

दुसऱ्या महायुद्धानंतर फ्रेंच चित्रकार झाँ द्युबुफे याने १९४५ पासून अशी कामे गोळा केली आणि त्यांना ‘आर्ट ब्रूत’, म्हणजे कच्ची, संस्कार न झालेली कला, असे नाव दिले. त्याचा संग्रह १९७६ मध्ये स्वित्झर्लंडमधील लोझान येथे संग्रहालय म्हणून खुला झाला. हे कलावंत केवळ स्वतःसाठी निर्माण करतात, त्यांना प्रेक्षक नको असतो, असे द्युबुफेचे म्हणणे. ते अर्धेच खरे मानावे लागते. बर्नजवळच्या रुग्णालयात १८९५ पासून मरेपर्यंत, म्हणजे १९३० पर्यंत, राहिलेल्या अडोल्फ व्योल्फ्लीने सुमारे २५,००० पानांची चित्रमय आत्मकथा रचली, पण सुटी चित्रे तो रंगीत पेन्सिली आणि तंबाखूच्या बदल्यात लोकांना देतही असे. चंडीगडमध्ये नेकचंद या रस्तेनिरीक्षकाने १९५८ च्या सुमारास फुटक्या बांगड्या, कपबश्या आणि दगडांतून जंगलात गुपचूप बाग उभारली. त्यामागे प्रेक्षकांचा तिटकारा नव्हता. जमीन सरकारी होती आणि तिथे बांधकामाला बंदी होती. १९७६ मध्ये बाग खुली झाल्यावर नेकचंद वर्षानुवर्षे ती वाढवतच राहिले. डाउन सिंड्रोम असलेल्या आणि ऐकू न येणाऱ्या ज्युडिथ स्कॉटला भाषाच मिळाली नव्हती. अमेरिकेतील ओकलंडच्या कलाकेंद्रात ती १९८७ मध्ये दाखल झाली. तिथे पुढे तिने वस्तूंभोवती सूत गुंडाळून शिल्पे केली आणि तिच्याबद्दल जगाला जे कळले ते बरेचसे त्यांतूनच.

संगणकयुगाने या प्रकाराला नवे साहित्य दिले. स्किझोफ्रेनिया असलेला अमेरिकी प्रोग्रामर टेरी डेव्हिस याने ‘टेम्पलओएस’ ही संपूर्ण संगणकप्रणाली एकट्याने लिहिली, तिच्यासाठी वेगळी प्रोग्रामिंग भाषाही घडवली. ही प्रणाली ईश्वराचे मंदिर आहे आणि पडदा ६४० गुणिले ४८० बिंदूंचा, १६ रंगांचाच असावा ही ईश्वराची आज्ञा आहे, असे तो सांगे. प्रणालीने यदृच्छेने निवडलेले शब्द तो ईश्वराची उत्तरे म्हणून वाची. इंटरनेटला जोडण्याची सोय तिच्यात त्याने ठेवलीच नाही. स्वतः मात्र तो इंटरनेटवर तासन्‌तास थेट बोलत असे. हाउकची पत्रे जिथे पडून राहिली तसे रुग्णालय इथे मध्ये नव्हते. डेव्हिसचे बोलणे त्याच क्षणी पोहोचत होते. ऐकणाऱ्यांत त्याचे कौशल्य जाणणारे प्रोग्रामर होते, तसे त्याला डिवचून मजा पाहणारेही होते, आणि या दोघांना वेगळे करील असा कोणी संग्राहक मध्ये नव्हता. २०१८ मध्ये तो बेघर अवस्थेत वारला. त्याची प्रणाली विनामूल्य उपलब्ध आहे आणि काही अभ्यासक आता तिची गणना आउटसायडर आर्टमध्ये करतात.